पीएलसीचा डेटा नोड-रेड आणि ग्राफानावर : काही महिने वापरल्यानंतर

सेटअप आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. नव्या पीएलसीत (मशीन चालवणारा कंट्रोलर) ओपीसी यूए (मशीनचा डेटा बाहेर देण्याची प्रमाणित पद्धत) सर्व्हर आतच आहे, जुने एनर्जी मीटर मॉडबस आरटीयूवर (सिरीयल केबलवरचा जुना प्रोटोकॉल), मधे डेटा गोळा करून पुढे पाठवणारं नोड-रेड, साठवायला इन्फ्लक्सडीबी हा डेटाबेस आणि बघायला ग्राफानाचे डॅशबोर्ड. मशीन चालवायचा एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) होता तसाच ठेवलाय, हे सगळं फक्त बघण्यासाठी, इथून स्टार्ट-स्टॉप द्यायचं नाही हे सुरुवातीलाच ठरवलं आणि आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.

स्क्रीन बनवणं यातलं सगळ्यात सोपं काम. दिसतोय तो आकडा खरा आहे का आणि आत्ताचा आहे का, खरी मेहनत तिथे लागते.

मॉडबस १९७९ पासूनचा, आणि रजिस्टर (मीटरमधला आकडा ठेवायचा कप्पा) म्हणजे नुसते १६ बिट, आत काय भरलंय ते तो सांगत नाही. फ्लोट (दशांशाचा आकडा) दोन रजिस्टरमधे येतो, त्यात वरचा भाग आधी की खालचा हे मेकप्रमाणे बदलतं, त्यामुळे मीटरच्या डिस्प्लेवर व्होल्टेज बरोबर आणि स्क्रीनवर भलताच आकडा असं दिसलं की आधी तो क्रम उलटा करून बघा. मॅन्युअलमधे ४०००१ लिहिलेलं असतं आणि वायरवर पत्ता ० जातो, (पुढचा ४ म्हणजे रजिस्टरचा प्रकार, आणि मॅन्युअलमधे मोजणी १ पासून, वायरवर ० पासून) ती एकाची गडबडही इथलीच. लागून असलेली रजिस्टरं एकत्रच वाचा, एका रिक्वेस्टमधे १२५ पर्यंत मिळतात. पण ९६०० बॉडवर (सिरीयल केबलचा वेग) तेवढं उत्तर यायलाच पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि एखादा मीटर बंद पडला की त्याच्या टाइमआउटपायी त्याच केबलवरचे बाकीचे सगळे ताटकळतात. म्हणून टाइमआउट कमी ठेवलाय, आणि मीटर उत्तर देत नसेल तर त्याला थोडा वेळ वगळायचं, मग परत विचारायचं.

ओपीसी यूए मला मनापासून आवडलं. प्रत्येक व्हॅल्यूसोबत क्वालिटी (आकडा भरवशाचा आहे का) आणि टाइमस्टॅम्प येतो, हे दोन्ही साठवा, कृपया टाकून देऊ नका! सबस्क्रिप्शनमधे व्हॅल्यू बदलली तरच निरोप येतो, नेटवर्क हलकं राहतं, पण ग्राफवर सरळ रेघ दिसली तर टाकीची लेव्हल स्थिर आहे की लिंक तुटलीय हे नुसत्या रेघेवरून कळत नाही. मी मुद्दाम केबल काढून बघितली तर शेवटचा आकडा हिरव्या रंगात तसाच बसून होता, ऑपरेटरने त्यावर विश्वास ठेवला असता तर?? मग पीएलसीत दर सेकंदाला वाढणारा एक काउंटर टाकला, तो १० सेकंद हलला नाही की त्या पीएलसीचे सगळे आकडे करडे होतात आणि अलार्म येतो. माझ्या मते या पूर्ण सेटअपमधला सगळ्यात मोलाचा टॅग (पीएलसीतून वाचला जाणारा एकेक आकडा) तोच, बाकी शेकडो टॅग नंतर जोडा पण हा आधी.

ओपीसी यूएच्या सर्टिफिकेटचं (दोन्ही बाजूंची डिजिटल ओळख) पण सांगतो. पहिल्यांदा कनेक्ट करताना सर्व्हर (पीएलसी) क्लायंटला (नोड-रेड) नाकारतो, त्याचं सर्टिफिकेट सर्व्हरवर जाऊन ट्रस्टेड करावं लागतं, वैतागून सिक्युरिटी 'नन' (म्हणजे बंद) ठेवू नका. पीएलसीचं घड्याळ मागे गेलं असेल तर धडधडीत चांगलं सर्टिफिकेटही 'अजून वैध नाही' म्हणून परत येतं, त्यामुळे पीएलसी आणि नोड-रेडचा कॉम्प्युटर दोघांना एकाच एनटीपीवर (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी सेवा) घ्या आणि डेटाबेसमधे वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळ) ठेवा. सर्टिफिकेटची मुदत कधी संपतेय ती तारीख आता मेंटेनन्सच्या शेड्यूलमधेच घातलीय, ग्रीसिंगच्या तारखांसोबत.