फलक नसलेली सभा: रत्नागिरी जिल्ह्यातील ए.ए. समूहाविषयी

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच ए.ए., ही दारूच्या व्यसनातून सुटण्यासाठी सभांमधून एकमेकांना आधार देणाऱ्यांची चळवळ दारू सोडू इच्छिणाऱ्याकडून एक पैसाही मागत नाही. कोकणात मात्र त्याची सभा नेमकी कुठे भरते हे कळेपर्यंतच माणूस थकतो. धाकट्या भावासाठी रत्नागिरी जिल्ह्यात सभा शोधताना आणि पुढे त्याच्यासोबत तिथे जाताना जे दिसले, त्यावरून हा अभिप्राय लिहीत आहे. गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण आपल्याकडे वार आणि इमारत सांगितली की आत कोण बसते हे बाजारपेठेत सर्वांना कळते.

इंटरनेटवरील याद्यांवर विसंबून निघू नये, हे प्रथम सांगायला हवे. अशाच एका यादीतील पत्त्यावर आम्ही पोहोचलो, तेव्हा शाळेच्या त्या खोलीला कुलूप होते आणि सभा केव्हाच दुसऱ्या गावी हलली होती. हे समूह स्वतः दारू सोडलेले सदस्यच चालवतात, पगारी माणूस कोणी नसतो, त्यामुळे जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे गेली की फोन क्रमांकही बदलतो. आम्हाला उपयोगी पडला तो मुंबईतील ए.ए. कार्यालयाला केलेला फोन. तेथून जवळच्या सदस्याचा क्रमांक मिळाला. त्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, "स्वतःसाठी, की घरच्या कोणासाठी?" आणि लगेच म्हणाले, "नाव नको, गाव तेवढं सांगा." त्यांनी आमच्याच तालुक्यातील सभेऐवजी शेजारच्या तालुक्यातील सभा सुचवली, कारण ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने नवा माणूस दारातूनच परत फिरतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. संपूर्ण शोधात इतका समजूतदार सल्ला दुसऱ्या कोणी दिला नाही.

प्रत्यक्ष सभेविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, भिंतीवर बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूमुक्त राहण्यासाठीच्या ए.ए.च्या बारा सूत्रांचा, मराठी तक्ता आणि समोर ट्रॉलरवर जाणाऱ्या खलाशापासून निवृत्त शिक्षकापर्यंत सर्व थरांतील माणसे. प्रत्येकाने स्वतःविषयीच बोलायचे, दुसऱ्याला उपदेश करायचा नाही आणि कोणी बोलत असताना मध्ये तोंड घालायचे नाही, हा नियम इतका कसोशीने पाळला जातो की आपल्या ग्रामसभांना तो शिकवावा असे वाटून गेले. भाऊ पहिल्या दिवशी काहीच बोलला नाही आणि त्याला कोणी आग्रहही केला नाही. शेवटी खर्चासाठी पिशवी फिरते, पण नवख्याने त्यात काही टाकावे अशी अपेक्षा नसते. दारू थांबवण्याची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या चळवळीने आजही ठेवली आहे. पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो, परंतु तो 'आम्हाला उमजलेला' ईश्वर असल्यामुळे देव न मानणारा माझा भाऊही तिथे अवघडला नाही.

सभेत सर्वाधिक बोलले जाते ते शिमगा, गणपती आणि गोव्याच्या स्वस्त बाटलीबद्दल. चाकरमानी गावी आले की बैठका जमतात, आणि "आज सण आहे, एकच घे" या आग्रहाला नकार कसा द्यायचा, हे इथे जितके नेमके ऐकायला मिळते तितके ते दवाखान्यात मिळत नाही.

तरीही ही सभा म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवल्यास हातापायांना कंप सुटणे, फिट येणे किंवा भ्रम होणे असे प्रकार पहिल्या काही दिवसांत घडू शकतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. म्हणून आधी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलेल्यांना गावी परतल्यावर आधार लागतो, तिथे हा समूह खरा उपयोगी पडतो. कुटुंबीयांची सोय मात्र तोकडी आहे: कोणालाही येता येते अशा खुल्या सभेत मला बसू दिले, फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच्या बंद सभेच्या वेळी बाहेर थांबावे लागले, आणि नातेवाइकांसाठीचा अल-अनॉन समूह जवळपास कुठे मिळाला नाही.

माझी खरी तक्रार एकच आहे. प्रसिद्धीपेक्षा आकर्षणावर भर, म्हणजे स्वतःची जाहिरात न करणे, ही ए.ए.ची परंपरा मुंबईत शोभते, कारण तिथे एक समूह चुकला तरी दुसरा लोकलने गाठता येतो. इथे दोन समूहांमध्ये खाडी असते आणि शेवटची एस.टी. सभा संपण्यापूर्वीच निघून जाते. गुप्तता सदस्यांच्या नावाची राखायची असते, समूहाच्या फोन क्रमांकाची नव्हे. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि एस.टी. स्थानकावर एक चालू क्रमांक लावल्याने कोणतीही परंपरा मोडणार नाही. तोपर्यंत जाणाऱ्याने त्याच दुपारी फोन करून जागा आणि वेळ पक्की करावी, आणि पावसाळ्यात परतीच्या वाहनाची सोय आधी पाहून मगच निघावे.