स्प्रिंगचा नोज वेट गेज: छोटं उपकरण, कामाचं, पण उंची जुळली तरच

ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१पासून साध्या 'बी' (मोटारीच्या) लायसन्सवर ३,५०० किलो कमाल वजनाचा ट्रेलर वेगळी परीक्षा न देता ओढता येतो. पण आपली गाडी किती ओढू शकते, हे लायसन्सवर नाही, गाडीच्या व्हीआयएन प्लेटवर (गाडीचा ओळख क्रमांक आणि वजनं लिहिलेली पट्टी) असतं. तिथल्या चार आकड्यांपैकी दुसऱ्यातून (गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन) पहिला (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) वजा करा. ३,५००मधून १,९५० गेले की उरतात १,५५०, म्हणजे गाडी पूर्ण भरलेली असताना मागचा ट्रेलर एवढाच. हे गणित घरबसल्या होतं. गाडीमागच्या टो बॉलवर (ट्रेलर जोडायचा गोळा) कॅरॅव्हॅनचं, म्हणजे ओढायच्या फिरत्या घराचं, नाक किती भार टाकतं, म्हणजे नोज वेट, हे मात्र मोजावंच लागतं, आणि त्यासाठी हा गेज.

रचना साधी: नळीत स्प्रिंग, वर कपलिंगखाली (कॅरॅव्हॅनचा टो बॉलवर बसणारा भाग) बसणारा दांडा, बाजूला किलोच्या खुणा. कॅरॅव्हॅन प्रवासाला निघताना भरतो तशीच भरा, गॅसच्या टाक्यांसकट. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण्या. कपलिंगखाली गेज उभा करून जॉकी व्हील (नाकाखालचं छोटं चाक) हळूहळू वर घ्या. ते जमिनीवरून सुटलं की आकडा वाचा.

गफलत होते ती उंचीत. भरलेल्या गाडीच्या टो बॉलचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिमीवर असतो. गेज त्याहून बुटका असेल तर नाक खाली झुकतं, भार पुढे सरकतो आणि आकडा फुगतो. जोड-अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या दोन आसांच्या) कॅरॅव्हॅनमध्ये हा फरक आणखी मोठा. म्हणून उंची न जुळणारा गेज स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, आणि बीएस ७९६१ हे अशा गेजचं ब्रिटिश मानक त्यावर लिहिलेलं आहे का ते पाहा.

भार कॅरॅव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के हवा. १,४०० किलोला ७० ते ९८ होतात. टो बारची (टो बॉल धरणारा गाडीचा दांडा) मर्यादा ७५ किलो असेल तर ७५च. भार कमी पडला की कॅरॅव्हॅन वेगात डोलू लागते, जास्त झाला की गाडीची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही ढिले पडतात. आकडा चुकला तर तंबूची जड पिशवी अ‍ॅक्सलवर सरकवून पुन्हा मोजा. मागच्या टोकाला सामान ठेवून नाक उचलायला जाऊ नका. डोलणं त्यानेच वाढतं.

गेज नसेल तर बाथरूमचा वजनकाटा आणि टो बॉलच्या उंचीचा लाकडी ठोकळा चालतो. काट्याची जाडी ठोकळ्याच्या मापातून आणि ठोकळ्याचं वजन आकड्यातून वजा करायचं.