गोदामाच्या कामात रिस्क मोजायची कशी: पाच-बाय-पाचचा तक्ता, आरपीएन का सरळ रुपये?

लातूर-उदगीरकडच्या शेतकरी कंपन्यांचे लोक लई विचारायलेत, सोयाबीनचं गोदाम बांधायचंय, बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टात रिस्क कशी दाखवायची.

पाच-बाय-पाच सगळ्यात सोपं. घडायची शक्यता १ ते ५, नुकसान १ ते ५, गुणाकार करा, लाल-पिवळा-हिरवा रंग द्या, संचालक मंडळाच्या एका बैठकीत उरकतंय. पण गोम गुणाकारातच आहे राव. सिमेंटची गाडी उशिरा येणं ५ गुणिले १, म्हणजे ५. भूकंप १ गुणिले ५, तेबी ५, दोन्ही हिरव्यात शेजारी-शेजारी! आन ती भूकंपाची १ तरी कशावरून? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तवा तो भाग नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता, पुढं २००२ मध्ये झोन ३ केला. म्हणून नुकसानीला ५ पडले की स्कोअर बघायचाच नाही, ती ओळ वेगळी काढून डिझाईन आन विम्याचं आधी बघायचं.

आरपीएन म्हणजे रिस्क प्रायॉरिटी नंबर, वाळूजला ऑटो पार्टच्या कंपनीत काम केलेलं पोरगं हमखास सुचवतंय. गंभीरता, किती वेळा घडतंय, पकडायला किती अवघड, प्रत्येकी १ ते १०, गुणाकार हजारापर्यंत. ग्रेडिंग मशीन, ओलावा मीटर असल्या गोष्टींना ठीक, कारण मीटर चुकीचं दाखवायलंय हे लवकर कळतच नाही. बांधकामाला मात्र उगाच डोकेदुखी, आन ऑटोवाल्यांनीच २०१९ च्या नव्या हँडबुकात आरपीएन काढून ॲक्शन प्रायॉरिटी आणली, म्हणजे गुणाकार न करता कशावर आधी काम करायचं ते जास्त-मध्यम-कमी असं ठरवायचं.

माझं मत रुपयांकडं. समजा काळ्या मातीत पाया खोदलाय आन पाऊस लागला, खड्डे ढासळले, शक्यता ४० टक्के, नुकसान २ लाख, म्हणजे रिस्क ८० हजाराची. जादा मजूर लावून पाया मे महिन्यातच उरकायला ३० हजार लागले आन शक्यता १० टक्क्यावर आली तर रिस्क राहिली २० हजार, ६० हजार कमी झाले ३० हजारात, करून टाका. हा हिशोब रंगाच्या तक्त्यातून निघतच नाही. टक्के अंदाजाचेच असतेत हे खरं, म्हणून ते एकट्यानं ठरवू नका, ठेकेदार आन गावातला जुना गवंडी दोघांना वेगवेगळं विचारा, फरक लई पडला तर दोन्ही आकडे धरून हिशोब करा.

आधी तक्त्यानं चाळून घ्या, वरच्या पाच-सहा रिस्कना रुपये लावा, भूकंपासारख्या सोडून, त्यांची शक्यता गुणिले नुकसान अशी काढलेली सरासरी फसवी असते. या रुपयांची बेरीज म्हणजे बजेटमधली राखीव रक्कम, बँकेनं विचारलं तर हेच पान पुढं करा.