प्रकल्पासाठी फ्रीकॅड: विद्यार्थ्याचा अभिप्राय

यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी फ्रीकॅड हे यंत्रभागांची त्रिमितीय रचना करण्याचे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरले आणि महागड्या परवान्यामुळे ज्यांचे काम अडते, त्यांनी ते अवश्य वापरून पाहावे, असे मला मनापासून वाटते. रेखाटनापासून घनाकृतीपर्यंतचे काम सहज जमते. खरी गोडी मात्र ताणाच्या विश्लेषणात आहे. तिथे जीमेश हे साधन भागाला लहान तुकड्यांत विभागणारी जाळी विणते आणि कॅल्क्युलिक्स हे दुसरे साधन त्या तुकड्यांवरची ताणाची समीकरणे सोडवते.

माझ्या एल आकाराच्या पोलादी ब्रॅकेटची पट्टी 30 मिमी रुंद व 8 मिमी जाड होती. 100 मिमी अंतरावरच्या 400 न्यूटन भारामुळे मुळाशी येणारा वाकण्याचा ताण वहीत मांडला, तेव्हा तो 125 मेगापास्कल निघाला. पडद्यावर मात्र आतल्या कोपऱ्यातला आकडा, जाळी बारीक करावी तसतसा, चढतच गेला. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. अगदी धारदार आतल्या कोपऱ्यात सैद्धांतिक ताणाला मर्यादाच नसते. तिथे 5 मिमी त्रिज्येची गोलाई दिल्यावर तो स्थिरावला. वर्गात ऐकलेला ताणकेंद्रीकरणाचा, म्हणजे कोपऱ्यासारख्या जागी ताण एकवटण्याचा, धडा मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला.

नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत सुटे भाग जोडण्याची सोयही अंगभूत मिळाली आहे. नवख्याला मेनू सरावायला वेळ लागतो, तेव्हा सुरुवात हाताने पडताळता येईल अशा साध्या भागापासूनच करावी.