काजळ, कॉम्पॅक्ट आणि खोबरेल : आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

मार्च ते ऑक्टोबर हा काळ मुद्दाम धरला आहे. ठाणे-मुंबईचा उन्हाळा, लोकलची गर्दी, चार महिने पाऊस आणि वर ऑक्टोबर हीट, यातून जे निभावतं ते वर्षभर निभावतं. कसोट्या दोनच: दुपारी चारला चेहऱ्यावर काय उरलंय, आणि रात्री काढताना किती घासावं लागतंय. कंपन्यांची नावं घेतलेली नाहीत, कारण बरीचशी गडबड बाटलीत नसून प्रमाणात आणि क्रमात निघते.

आधी सनस्क्रीन, कारण त्यावरच पुढचं सगळं बसतं किंवा घसरतं. एसपीएफ (सनस्क्रीनच्या संरक्षणाचा आकडा) ३० हे त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० साधारण ९८. म्हणजे आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा पुरेसं लावणं महत्त्वाचं. हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेले असतात. चेहऱ्यासाठी ते साधारण १ ते १.२ ग्रॅम होतं, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत काढलेल्या दोन रेघा. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब सहा-सात आठवड्यांत संपायला हवी. ती चार महिने पुरत असेल तर तुम्ही एक तृतीयांशच लावताय आणि पाकिटावरच्या आकड्याचा तुमच्याशी फारसा संबंध उरलेला नाही. त्यामुळे विकत घेताना ट्यूबची किंमत न बघता ग्रॅममागे किती पडतं ते बघा.

सनस्क्रीनच्या बारीक गोळ्या सुटतात त्याचं कारण बहुतेकदा घाई असतं. खालचं मॉइश्चरायझर ओलं असताना वरून चोळलं की दोन्ही थर एकत्र गुंडाळले जातात. मध्ये दहा मिनिटं जाऊ द्या आणि अर्धं-अर्धं दोनदा थापून लावा. पांढरट झाक येते ती झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. सावळ्या रंगावर ती राखेसारखी दिसते, तिथे रंगीत सनस्क्रीन बरं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतं, म्हणून वांग असलेल्यांना त्याचा दुहेरी उपयोग.

फाउंडेशन रोजच्या वापरातून काढून टाकलं तरी चालतं. घ्यायचंच असेल तर मनगटावर लावून रंग ठरवू नका. जबड्याच्या कडेला रेघ ओढा, दुकानाबाहेर उजेडात या आणि वीस मिनिटं थांबा. चेहऱ्याचं तेल मिसळलं की बऱ्याच फाउंडेशनचा रंग गडद होतो, आणि तोच तुमचा दिवसभराचा रंग असतो.

कॉम्पॅक्टची तक्रार नेहमी एकच: दुपारी पापुद्रे दिसतात. घामावर आणि तेलावर सरळ पावडर मारली की पिठाचा लगदा होणारच. आधी टिश्यूने टिपा, पुसू नका. मग पफ दाबून लावा, तेही कपाळ, नाक आणि हनुवटी एवढंच. दोन महिन्यांनी डबीवर चकचकीत कडक थर येतो आणि पावडर उचलली जात नाही. ती पावडर खराब झालेली नसते, पफवरचं तेल तिच्यावर बसलेलं असतं. चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली की थर निघतो. पफ आठवड्याला साबणाने धुवून पूर्ण वाळवा. पावसाळ्यात हे चुकलं तर पफला कुबट वास येतो.

आता काजळ. हे फिसकटण्याचं खापर बिचाऱ्या पेन्सिलीवर फुटतं, खरा दोष डोळ्याखालच्या क्रीमचा. वॉटरप्रूफ काजळ पाण्याला दाद देत नाही, पण तेलात विरघळतं, आणि पापण्या दिवसभर तेल सोडत असतात. म्हणून क्रीम डोळ्याच्या कडेपासून बोटभर लांब ठेवा, खालची पापणी टिपा, चिमूटभर पावडर लावा आणि मग काजळ. रेघ ओढल्यावर अर्धा मिनिट डोळे चोळू नका, ते तेवढ्यात बसतं. वर त्याच रंगाची आयशॅडो बारीक ब्रशने दाबली की संध्याकाळपर्यंत जागा सोडत नाही. पापणीच्या आतल्या कडेला लावलेलं मात्र कुठलंच काजळ सहा-सात तास तसंच राहत नाही. तिथे तेलग्रंथींची तोंडं असतात, त्यामुळे लेन्स वापरणाऱ्यांनी आतली कड सोडावी. लेन्स मेकअपच्या आधी घाला आणि रात्री मेकअप काढण्याआधी काढा.

फिरवून वर येणारं काजळ दोन मिलिमीटरच काढा. एप्रिल-मेमध्ये ते मऊ पडून मोडतं, दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलं की ताठ होतं. तासायची लाकडी पेन्सिल मला तरी उजवी वाटते, कारण तासलं की टोक नवं आणि स्वच्छ मिळतं. रांजणवाडी झाली तर मात्र पेन्सिल किंवा मस्कारा टाकूनच द्या. तसंही मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांपुरताच.

लिपस्टिकमध्ये द्रव मॅट सर्वांत जास्त टिकते, पण ती एका पातळ पडद्यासारखी बसते आणि तेलाने मधोमध फाटते. डब्यात पोहे असतील तर निभावते, मिसळीच्या तर्रीपुढे कुणाचंच चालत नाही. मग कडा गडद आणि मधे फिकट असं विचित्र काहीतरी उरतं. रोजसाठी कांडीची मॅट घ्या: एक थर, टिश्यूत ओठ दाबा, दुसरा थर. उडाली तरी सारखी उडते आणि आरशाशिवायही पुन्हा लावता येते.

केसांच्या बाबतीत खोबरेलाला तोड सापडली नाही, पण ते न्हाण्याआधी लावायचं. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी मिनरल ऑइल, सूर्यफूल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून धुपून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं. ही कंपनी स्वतःच खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनही कारण पटण्यासारखं आहे: त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे, तासभर आधी, तेवढं पुरे. अर्धी वाटी ओतली की ती काढायला शांपू दोनदा लागतो आणि तेल लावल्याचा फायदा तिथेच वाहून जातो. कोंडा असेल तर मुळाशी तेल लावूच नका. कोंड्याशी संबंधित बुरशी तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. तिथे २ टक्के कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शांपू लागतो. तोही लावल्या-लावल्या धुवून टाकला तर उपयोग नाही, तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यावा.

साधा शांपू मगात पाणी घालून पातळ करा आणि फक्त मुळाशी चोळा. टोकं त्याच फेसाने धुतली जातात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर शिकेकाई साबणाची वडी टाळा. साबण आणि अशा कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम मिळून न विरघळणारा पांढुरका चिकटा होतो आणि कंगव्यात अडकतो. शिकेकाई-रिठ्याच्या काढ्याने तसं होत नाही, पण तो वस्त्रगाळ हवा, नाहीतर चोथा दिवसभर गळत राहतो. कठीण पाण्याच्या घरी दोन-तीन आठवड्यांतून एकदा घटकांत इडीटीए (क्षार पकडून काढणारं रसायन) असलेला शांपू वापरा. वाया जातं म्हणून आरओचं टाकाऊ पाणी डोक्यावर घेणारे पुष्कळ आहेत. त्यात क्षार आणखी जास्त असतात.

कंडिशनर कानाखालच्या केसांना, दोन मिनिटं. मुळाशी लागला तर केस दुसऱ्या दिवशीच चिप्प बसतात. सीरम दोन-तीन थेंब, केस दमट असताना. घटकांच्या यादीत ग्लिसरीन वरच्या क्रमांकावर असलेलं न धुता ठेवायचं क्रीम जुलैत बाजूला ठेवा, हवेतला ओलावा ओढून ते केस आणखी फुगवतं.

घटकांची यादी वाचायची एक युक्ती. १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्याखालचे कसेही. फेनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे माल टिकवणारं रसायन, १ टक्क्यापर्यंतच चालतं. म्हणून बदाम, केशर, कोरफड अशी नावं त्याच्यानंतर आली असतील तर ती चित्रापुरती आहेत असं समजायला हरकत नाही.

‘हर्बल काळी मेंदी’ घेताना हीच यादी नीट वाचा. शुद्ध मेंदी नारिंगी-तांबूस रंग देते, काळा कधीच नाही. काळा येत असेल तर त्यात पीपीडी हे केस काळे करणारं रसायन असण्याची शक्यता दाट. प्रत्येक वेळी कानामागे ठिपका लावून ४८ तास थांबा, मागच्या वेळी काही झालं नव्हतं तरीही. ही ॲलर्जी अनेकदा काही वर्षं बिनघोर वापरल्यानंतरच उमटते.