जुन्या पिकअपला हाताने फिरवायचे हब: पावसाळाभराच्या वापरानंतर

डॅशबोर्डवर फोर-व्हीलचा दिवा लागला म्हणजे पुढची चाके ओढू लागली, असे आपण सगळेच धरून चालतो. हब म्हणजे पुढचे चाक शाफ्टला जोडणारा आणि सोडणारा, चाकाच्या मध्यावरचा भाग. तो व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, लागणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये हा दिवा प्रत्यक्षात एवढेच सांगतो की ट्रान्स्फर केसमधला, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडेही वळवणाऱ्या पेटीतला, काटा सरकला आहे. दिव्याचा स्विच ट्रान्स्फर केसवर असतो; त्याच्यापुढे, चाकाजवळ काय घडले किंवा घडले नाही, याची त्याला काहीच खबर नसते. हब बदलून आता एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा उलटला आहे आणि या अनुभवातून मला सर्वाधिक राग कशाचा आला असेल तर तो या दिव्याचा.

गाडी २०११ ची, डिझेल, डबल कॅब, मागे पाटे आणि पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेली, लिव्हरने फोर-व्हील लागणारी आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली जे लिहिले आहे ते याच रचनेच्या आणि एवढ्याच वयाच्या कोणत्याही गाडीला लागू पडते. वयानुसार रबर कडक होते आणि तडकते, त्यात कोणा एका कंपनीचा दोष नाही.

प्रसंग घडला तो आजऱ्याकडच्या आमच्या काजूच्या बागेत. हौद्यात शेणखत भरलेले होते, पहिला पाऊस होऊन गेला होता आणि बागेच्या वरच्या अंगाला जाणारा तांबड्या मातीचा चढ निसरडा झाला होता. लिव्हर ओढली, दिवा लागला, आणि मागची दोन्ही चाके जागच्या जागी खड्डा करत बसली. खाली उतरून पाहणाऱ्या गड्याने सांगितले, "दादा, पुढची चाकं हलतच न्हाईत." दिवा मात्र सुखाने जळत होता. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने गाडी मागे ओढून काढावी लागली.

अधिकृत सेवा केंद्राने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि दोन्ही हब, सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप), सगळे पाइप आणि मजुरी मिळून ६५,००० रुपयांच्या वरचा अंदाज हातात दिला. नेमके काय बिघडले आहे, असे विचारले असता "सर, पूर्ण सिस्टीमच बदलावी लागते" एवढेच उत्तर मिळाले. पूर्ण सिस्टीम म्हणजे काय, त्यातला कोणता भाग तपासला आणि कोणता न तपासताच यादीत घातला, हे सांगायला कोणी तयार नव्हते. त्या केंद्राचे नाव येथे लिहिणार नाही. पण तपासणीचे म्हणून घेतलेले पैसे मला अजून खटकतात.

तपासणी घरी केली आणि ती अवघड नव्हती. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा (हवा आत घेणाऱ्या नळीचा) व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) त्याच पंपावर चालतो, आणि फोर-व्हील लावल्यावर सोलेनॉइड उघडून तोच व्हॅक्यूम बारीक पाइपांतून पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो. तेथे तो हबमधला पडदा खेचतो, पडद्यामुळे दातेरी कडे सरकते, आणि तोवर सुटे असलेले चाक ड्राइव्ह शाफ्टला जोडले जाते. या वाटेत कोठेही गळती असेल तर ट्रान्स्फर केस आपले काम करते, पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरतो, ड्राइव्ह शाफ्टही फिरतात, फक्त चाक फिरत नाही. ब्रेक ब्लीड करण्यासाठी, म्हणजे त्यातली हवा काढण्यासाठी, मिळतो तो गेजचा हातपंप मी चाकाकडच्या पाइपाला जोडला. डाव्या बाजूला सुई कशीबशी (पाऱ्याच्या) १५ इंचांवर गेली आणि डोळ्यांदेखत शून्यावर आली. उजव्या बाजूला ती थोडा वेळ टिकली, पण तीही उतरलीच. सोलेनॉइड आणि इंजिनाकडचे पाइप मात्र ठणठणीत होते, म्हणजे ६५,००० च्या यादीतला मोठा भाग विनाकारण होता.

डाव्या बाजूचा हब उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, ती वाचकांनी लक्षात ठेवावी. या रचनेत व्हॅक्यूम चाकाच्या आतील सीलमधून जातो. सील फाटले की व्हॅक्यूम नुसता वाया जात नाही, तर ओढ्यातून किंवा चिखलातून जाताना तोच व्हॅक्यूम बाहेरचे पाणी आत खेचतो. माझ्या बेअरिंगमधील ग्रीस दुधी झाले होते आणि बाहेरच्या टेपर रोलर बेअरिंगच्या कपावर (बाहेरच्या कड्यावर) गंजाचे काळे चट्टे पडले होते. पुढच्या चाकातून येणारी बारीक घरघर मी आजवर टायरच्या माथी मारत होतो.

मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुने व्हॅक्यूम हब आणण्याचा पर्याय एका मित्राने सुचवला. तो मी बाद केला, कारण भंगारातल्या हबमधील पडदा माझ्या पडद्याइतकाच म्हातारा असणार. उरला तो पर्याय हाताने फिरवायच्या हबचा. ही कल्पना फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीप साध्या रस्त्यांवर वापरणाऱ्यांसाठी अमेरिकेत सिएटल येथे आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये असे हब तयार करून विकायला सुरुवात केली. हबच्या तोंडावर चकती असते. ती एका बाजूला फिरवली की चाक शाफ्टला जोडले जाते, उलट फिरवली की सुटते. त्यात पडदा नाही, पाइप नाही आणि दिवाही नाही. जोडी मला कुरिअरखर्चासह १९,००० रुपयांना पडली.

बसवण्याचे काम अंगणात झाले. जॅकवर गाडी उचलल्यानंतर तिच्याखाली लोखंडी स्टँड लावल्याशिवाय हात घालू नये, हे वेगळे सांगायला नको. खरा अडथळा बेअरिंगच्या लॉकनटचा होता. त्याला खाचा असतात आणि आपल्याकडचे बहुतेक मिस्त्री तो छिन्नी-हातोडीने ठोकून सोडवतात आणि ठोकूनच आवळतात. माझ्या नटावरही आधीच्या कोणाच्या तरी छिन्नीचे घाव होते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील एका लेथवाल्याकडून जाड पाइपाला चार दाते काढून घेतले, वर अर्ध्या इंची चौकोनी भोकाची चकती वेल्ड करून घेतली आणि तो पान्हा साडेचारशे रुपयांत तयार झाला. या सगळ्या खर्चात मला सर्वाधिक समाधान देणारी वस्तू हीच आहे.

बेअरिंगचा ताण मोजण्याची पद्धत वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेली असते: नट टॉर्क रेंचने आवळायचा, चाक दोन्ही बाजूंना फिरवून बेअरिंग बसवायचे, नट सैल करून पुन्हा दिलेल्या मापाने आवळायचा, आणि मग चाकाच्या एका बोल्टला दोरी बांधून स्प्रिंगकाट्याने ओढायचे. हब फिरायला लागतो त्या क्षणी काट्यावर जो आकडा दिसतो तो मॅन्युअलमधील मर्यादेत बसला पाहिजे. आमच्या घरी काजूच्या बियांचे वजन करण्याचा काटा होता, तोच वापरला. उजवीकडे आकडा पहिल्याच खेपेला जमला. डावीकडे नव्या बेअरिंगमुळे नट तीन वेळा सोडून आवळावा लागला. "घट्ट केलं की झालं" म्हणणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीने हे काम केले असते तर ते बेअरिंग काही महिन्यांतच तापून बसले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुने व्हॅक्यूम पाइप काढून टाकल्यावर सोलेनॉइडकडचे तोंड रबरी बुचाने आणि क्लिपने पक्के बंद करावे लागते. ते उघडे राहिले तर फोर-व्हील लावल्यावर पंप तेथून नुसती हवा ओढत राहील, आणि ब्रेकचा बूस्टर त्याच पंपावर आहे. चाकाच्या बाजूचे तोंडही बंद करावे, नाहीतर चिखलाला आत जायला आयती वाट मिळते.

उन्हाळ्यात मी या हबवर बेहद्द खूश होतो. बागेच्या फाटकाशी गाडी थांबवायची, दोन्ही चकत्या फिरवायच्या, आत जायचे. चकतीवरची खूण डोळ्यांना दिसते, कट् असा आवाज हाताला जाणवतो. शंका आलीच तर चाक जॅकवर उचलून फिरवावे, आतला ड्राइव्ह शाफ्ट चाकासोबत फिरला तर हब लागला आहे. त्या काळात कोणी विचारले असते तर मी डोळे झाकून शिफारस केली असती.

पाऊस लागल्यावर मत बदलले. धो धो पावसात, पायाखाली घोटाभर चिखल असताना, गाडीच्या दोन्ही बाजूंना जाऊन वाकून चकत्या फिरवणे हा प्रकार कंटाळवाणा तर आहेच, शिवाय नेमका नको त्या वेळी करावा लागतो. चिखल चकतीच्या खोबणीत वाळून बसला की बोटांनी ती फिरत नाही, आणि पक्कड लावली तर चकतीचे कान तुटण्याची भीती असते. एकदा उजवी चकती अर्ध्यावरच राहिली होती. समोरचे डिफरन्शियल (दोन चाकांत फिरकी वाटणारा गिअरचा संच) साधे असल्यामुळे एका बाजूचा हब सुटा राहिला की सगळी फिरकी त्या सुट्या शाफ्टला जाते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला ओढच मिळत नाही. दिवा अर्थातच लागलेला होता.

यावर मी काढलेला तोडगा आता पक्का झाला आहे: जून ते सप्टेंबर दोन्ही हब कायम लावून ठेवायचे आणि डांबरी रस्त्यावर लिव्हर टू-व्हीलमध्ये ठेवायचा. यात गाडीला धोका नाही, कारण ट्रान्स्फर केस सुटी असते आणि पुढचे शाफ्ट चाकांसोबत नुसते फिरत राहतात. अर्धवेळ फोर-व्हीलच्या गाडीत कोरड्या डांबरावर टाळायचे असते ते लिव्हर ओढणे. तसे केल्यास वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, मधले डिफरन्शियल नसल्यामुळे तो फरक शाफ्ट आणि गिअरमध्ये पीळ म्हणून साठतो, आणि लिव्हर परत ढकलताना घट्ट बसलेला लागतो. हब लावून ठेवल्याने डिझेल जास्त जाते असे म्हणतात. माझ्या टाकीच्या हिशोबात तो फरक वेगळा काढता आला नाही. आंबोलीचा घाट आणि हौद्यातले वजन यांनी मायलेज त्याहून कितीतरी अधिक हलते. ताशी ७० किलोमीटरच्या पुढे पुढच्या बाजूने हलकी गुणगुण येते, तीही मला माहीत आहे म्हणून ऐकू येते. म्हणजे सुटे होऊ शकणारे हब विकत घेऊन मी वर्षातले चार महिने ते सोडतच नाही, अशी ही गंमत आहे.

उरलेल्या कामांबद्दल थोडक्यात लिहितो. हेडलाइटला रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारे स्विच) बसवले, कारण जुन्या गाडीत बल्बचा सगळा विद्युतप्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून आणि बारीक तारांतून जातो आणि वाटेतच व्होल्टेज पडते. जाड तार टाकून बॅटरीपासून थेट पुरवठा दिल्यावर कंपनीच्याच ६०/५५ वॉटच्या बल्बचा प्रकाश डोळ्यांना जाणवेल इतका वाढला आणि सगळा खर्च बाराशे रुपयांच्या आत झाला. मागच्या पाट्यांचे आणि त्यांना टांगणाऱ्या शॅकलचे रबरी बुश बदलले. रिकाम्या गाडीची आदळआपट बरीच कमी झाली. हौद्याच्या कोपऱ्यातली पाणी जाण्याची भोके शेणखताने बुजली होती, ती मोकळी केली आणि पत्र्याला रेड ऑक्साइड लावले. आधीच्या मालकाने बसवलेला पुढचा लोखंडी बुलबार काढून भंगारात घातला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने असे गार्ड अनधिकृत ठरवले आहेत, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तसेच जानेवारी २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करणाऱ्याने जपूनच राहावे. टायरचे माप, उंची आणि इंजिन मी म्हणूनच हलवलेले नाही.

हा खर्च पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या गाडीवर करावा का, असे घरात विचारले गेले. खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आहे, वर पर्यावरण कर आहे, आणि हे सगळे पाच वर्षांसाठी. तेही धरून माझा एकूण खर्च सेवा केंद्राच्या नुसत्या हबच्या अंदाजापेक्षा बराच खाली राहतो. नव्या फोर-व्हील पिकअपची किंमत तर या चर्चेत आणण्यासारखीही नाही.

ज्यांना वर्षातून एकदोनदाच फोर-व्हील लागते आणि पावसात गाडीतून उतरायचे नाही, त्यांनी हे हब घेऊ नयेत. व्हॅक्यूमचे सील आणि पडदे तेवढे नवे मिळतात का ते आधी पाहावे. ज्यांनी घेतले आहेत त्यांनी चकतीच्या आत बेअरिंगचे जाड ग्रीस ठासू नये, त्याने चकती जड होते. ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. उन्हाळ्यात हब सुटे ठेवले तरी महिन्यातून एकदा लावून थोडी गाडी चालवावी, म्हणजे आतले भाग वंगणात राहतात. माझ्या चकत्यांवरची छापील खूण पहिल्याच पावसाळ्यात निम्मी उडाली, ती पांढऱ्या ऑइलपेंटने पुन्हा काढून घेतली. डाव्या चकतीच्या ओ-रिंगला चीर गेली आहे. विक्रेत्याला विचारले तर तो सुटी ओ-रिंग देत नाही, पूर्ण चकती घ्या म्हणतो आणि तिचे २,८०० रुपये सांगतो. कॅलिपरने माप घेऊन उद्यमनगरातल्या सीलच्या दुकानातून तीच रिंग नायट्राइल रबरातली आणली, पंधरा रुपयांना एक. चार आणून ठेवल्या आहेत.