डीप स्पेस नाइन की बॅबिलॉन फाइव्ह?

फोंड्यात पावसात वीज गेली की मी आणि मावसभाऊ भाजी-पाव पुढ्यात घेऊन हाच वाद उकरतो: या दोन अमेरिकी विज्ञानकथा टीव्ही मालिकांपैकी कुणी कुणाचं ढापलं?

'बॅबिलॉन फाइव्ह'ची कल्पना तिचा निर्माता-लेखक स्ट्रॅझिन्स्कीने १९८९ मध्ये पॅरामाउंट या हॉलिवूड स्टुडिओला दाखवली होती, नकार मिळाला. जानेवारी १९९३ मध्ये पॅरामाउंटचीच 'स्टार ट्रेक' मालिका 'डीप स्पेस नाइन' आली, फेब्रुवारीत 'बॅबिलॉन'चा पायलट, म्हणजे चाचणी भाग. दोन्हीकडे अंतराळस्थानक. 'डीप स्पेस'मध्ये लीटा नावाचं पात्र, 'बॅबिलॉन'मध्ये लायटा. इकडे दुकात, तिकडे दुखात! भाऊ म्हणतो, चोरी. मी म्हणतो, पुरावा दाखव. ('स्टार ट्रेक'चे जनक रॉडनबेरींच्या पत्नी मेजल बॅरेट १९९६ मध्ये 'बॅबिलॉन'मध्ये पाहुण्या म्हणून झळकल्या. भांडतो आपणच.)

बघायला 'डीप स्पेस' सरस. अभिनय कसलेला, सेट भरीव. 'बॅबिलॉन'ची संगणकावर काढलेली यानं आता जुन्या व्हिडिओ गेममधली वाटतात. पण कथेत भावाचं ऐकावं लागतं. पाच वर्षांचा आराखडा आधीच तयार, ११० पैकी ९२ भाग एकट्या स्ट्रॅझिन्स्कीने लिहिलेले. 'डीप स्पेस'ला सलग युद्धकथेची गोडी उशिरा लागली. ती कुठून लागली, असं भावाने विचारलं की मी गुपचूप पाव भाजीत बुडवतो.